संकटात आणि न्यायदंडात देवाचा विश्वासूपणा : महापुरानंतर उभा राहिलेला एक प्रश्न

वेदगंगाकाठ

सर्वांना ख्रिस्तात सलाम. निपाणी परिसरातील आमच्या मंडळीत अलीकडेच बाहेरगावच्या एका वक्त्यांनी संदेश दिला. त्या संदेशाने उभा केलेला प्रश्न मनातून जात नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगा आणि दूधगंगा पात्र सोडून गावांत शिरल्या, यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि नदीकाठची माणसे जनावरांसह निवारा केंद्रांत, म्हणजे आपल्याकडे सगळेच ज्याला गंजी केंद्र म्हणतात तेथे, जाऊन राहिली. वक्त्यांचे म्हणणे असे होते की हे दोन्ही महापूर म्हणजे या भागातील लोकांच्या पापांबद्दल देवाने केलेला न्याय होता आणि ज्यांची घरे वाचली त्यांना देवाने त्यांच्या विश्वासामुळे राखले. ज्यांचे घर 2019 साली पडले आणि ज्यांचे यजमान त्या धक्क्यातून कधी सावरले नाहीत, अशा एक भगिनी त्या दिवशी उपासनेला आल्या होत्या. संदेशानंतर प्रभुभोजनाला त्या पुढे आल्या नाहीत.

वक्त्यांचे म्हणणे चुकीचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते नेमके कोठे चुकले, हे नीट पाहायला हवे. 'देव प्रेमळ आहे, तो न्याय वगैरे काही करत नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण पवित्र शास्त्र आपल्याला तसे मोकळे होऊ देत नाही. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले आणि सिद्कीया राजाचे डोळे काढून त्याला बेड्या घालून बाबेलला नेले, तेव्हा संदेष्ट्यांनी त्या घटनेला न्याय हेच नाव दिले. विलापगीत हा ग्रंथ त्याच राखेत बसून लिहिलेला आहे, आणि परमेश्वराची करुणा संपलेली नाही, ती रोज सकाळी नवी होते, त्याचा विश्वासूपणा थोर आहे, ही आपण भजनांत इतक्या सहजपणे गातो ती वचने त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. ती सुखाच्या दिवसांत लिहिली गेली नाहीत. ज्याने शहर पडताना पाहिले आणि हे देवाने केले असेही ज्याने म्हटले, त्याच माणसाने ती लिहिली.

माझ्या समजुतीप्रमाणे येथे दोन गोष्टी एकत्र धराव्या लागतात. पहिली अशी की न्यायदंड आणि विश्वासूपणा हे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. ज्याला आपल्याशी काही नातेच ठेवायचे नाही, तो न्याय करत बसत नाही, तो निघून जातो. निर्गमाच्या 34 व्या अध्यायात देव मोशेला स्वतःचे नाव सांगतो, तेव्हा दयाळू, मंदक्रोध, सत्यतेने परिपूर्ण या शब्दांच्या लगोलग अपराध्याला निर्दोष ठरवणार नाही असेही म्हणतो, आणि ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात येतात. दुसरी गोष्ट अशी की एखाद्या विशिष्ट संकटाकडे बोट दाखवून 'हा अमुक माणसांच्या पापाचा न्याय' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, हा प्रश्न प्रभू येशूनेच लूकाच्या 13 व्या अध्यायात विचारला आणि 'नाही' असे उत्तरही दिले. योहानाच्या 9 व्या अध्यायातील जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारले, तेव्हा ना याने पाप केले, ना याच्या आईबापांनी, असे तो म्हणाला.

मग न्यायाबद्दल बोलायचे कोणी आणि कसे? जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

परिचारिका_बेळगाव

दादा, तुम्ही विषय काळजीपूर्वक मांडला आहे, तरीही मला 'न्याय' या शब्दाची भीती वाटते आणि ती का वाटते हे सांगते. 2021 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मी बेळगावात एका रुग्णालयाच्या वॉर्डात रात्रपाळी करत होते. प्राणवायूच्या नळीखाली असलेली माणसे बोलू शकत नव्हती, नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, आणि फोन कानाशी धरून घरच्यांचा आवाज ऐकवण्याचे काम आमच्याकडे होते. त्या फोनवर मी फार प्रार्थना ऐकल्या. कोणी मराठीत, कोणी कन्नडमध्ये, कोणी उर्दूत. काही फोनवर मात्र धार्मिक माणसे रुग्णाला पश्चात्ताप करायला सांगत, आणि रुग्णाच्या डोळ्यांत भीती वाढत गेलेली मला दिसे. ज्याला श्वास घेता येत नाही, त्याला आपला आजार म्हणजे शिक्षा आहे हे कानात सांगणे, हे मला क्रौर्य वाटते.

त्या दिवसांत मला 88 वे स्तोत्र जवळचे झाले. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, परंतु बहुतेकांच्या शेवटी स्तुतीकडे वळण येते. 88 वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. त्यात कोणतेही स्पष्टीकरण नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असे बोलण्याची परवानगी देवाने स्वतः दिलेली आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की दुःखाच्या खाटेशी आपण स्पष्टीकरण घेऊन जाऊ नये.

निवृत्त_पाळक

ताईंनी फार महत्त्वाचे लिहिले आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली, ती म्हणजे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी तोंड उघडले आणि दुःखाचा हिशेब पापाशी जुळवायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यांचे बिघडत गेले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने त्यांच्यावर कोप केला. ईयोबाने देवाला इतके कठोर शब्द ऐकवले असूनही तोच माझ्याविषयी यथार्थ बोलला असे देव म्हणतो. देवाचा कैवार घेऊन माणसाला दोषी ठरवणारे देवाला आवडले नाहीत, ही गोष्ट आम्ही संदेश देणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

विलापगीताबद्दल थोडे सांगतो, कारण या ग्रंथाची रचना ठाऊक नसल्यामुळे त्यातील तिसऱ्या अध्यायाची दोन-तीन वचनेच आपण उचलतो. या ग्रंथाचे पाच अध्याय म्हणजे पाच स्वतंत्र विलाप आहेत. मूळ इब्री भाषेच्या वर्णमालेत 22 अक्षरे असून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात प्रत्येक वचन त्या क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. तिसऱ्यात प्रत्येक अक्षरावर तीन-तीन वचने आहेत, म्हणून त्या अध्यायात 66 वचने होतात. पाचव्या अध्यायात वचने 22 च आहेत, पण अक्षरांचा क्रम तेथे राहिलेला नाही. आशेची वचने ग्रंथाच्या शेवटी येत नाहीत, ती मध्यावर येतात, आणि त्यांच्यानंतरही भूक, अपमान आणि मृत्यू यांचे वर्णन चालूच राहते. पाचवा अध्याय ज्या वाक्याने संपतो त्यात देवाने आपल्याला अगदीच टाकून दिले आहे का, अशी शंका आहे. यहुदी लोक अव महिन्याच्या नवमीला मंदिराच्या नाशाच्या स्मरणार्थ हा ग्रंथ जमिनीवर बसून वाचतात आणि इतक्या जड वाक्यावर वाचन थांबू नये म्हणून त्याच्या आधीचे वचन, 'आम्हांला तुझ्याकडे परत वळव' हे, पुन्हा म्हणतात.

म्हणून मला वाटते की विश्वासूपणाची कबुली ही दुःख संपल्याची खूण नसते. ती दुःखाच्या मधोमध उच्चारलेली असते आणि तिच्यामुळे पुढचा विलाप बंद होत नाही. परिचारिका ताईंचे 88 वे स्तोत्र आणि वेदगंगाकाठ यांचा तिसरा अध्याय यांत म्हणूनच विरोध नाही.

प्रश्नचिन्ह

सर्वांचे वाचले. मी मंडळीत वाढलो, आता जात नाही, परंतु विषय माझ्या घरातला आहे म्हणून विचारतो. विलापगीताचा चौथा अध्याय सांगतो की वेढ्याच्या काळात दयाळू स्त्रियांनी स्वतःच्या हातांनी आपली लेकरे शिजवली. हा जर देवाचा न्याय असेल, तर त्या लेकरांचा अपराध काय होता? राजाने आणि याजकांनी केलेल्या पापाची किंमत पाळण्यातल्या मुलाने द्यावी, आणि असे करणाऱ्याला विश्वासू म्हणावे, हे मला कोणत्याही अर्थाने पटत नाही. 'नाते आहे म्हणून न्याय आहे' हे वाक्य ऐकायला चांगले वाटते, परंतु घरात मारहाण करणारा बापही हेच म्हणतो.

निवृत्त_पाळक

बाळा, तुझा प्रश्न खरा आहे आणि तो प्रथम तू विचारलेला नाहीस, ही गोष्ट मला तुला आधी सांगायची आहे. विलापगीताच्या दुसऱ्याच अध्यायाच्या अखेरीस हाच प्रश्न देवाच्या तोंडावर फेकलेला आहे : हे परमेश्वरा, पाहा, तू असे कोणाला केलेस? स्त्रियांनी आपल्या पोटच्या गोळ्यांना खावे काय? ज्यांनी हा ग्रंथ जपला, त्यांनी तो प्रश्न गाळला नाही, सौम्य केला नाही आणि त्याखाली उत्तरही लिहिले नाही. संपूर्ण ग्रंथात देव स्वतः एकही वाक्य बोलत नाही. फक्त तिसऱ्या अध्यायात विलाप करणारा आठवण काढतो की पूर्वी आपण खड्ड्यातून हाक मारली होती तेव्हा 'भिऊ नको' असे तू म्हणाला होतास.

त्या लेकरांबद्दल माझ्याजवळ तुझे समाधान करणारे उत्तर नाही, आणि असे उत्तर असल्याचा आव आणणाऱ्या माणसापासून तू दूर राहावेस असेच मी म्हणेन. मात्र मारहाण करणाऱ्या बापाबद्दल तू लिहिलेस त्यावर दोन गोष्टी सांगतो. असा बाप मुलाला रडू देत नाही, तक्रार करू देत नाही आणि शेजाऱ्यांपासून सगळे लपवतो. येथे उलट आहे. तक्रारीचा प्रत्येक शब्द नोंदवून ठेवला आहे आणि त्याला पवित्र शास्त्र म्हटले आहे. दुसरे असे की होशेयाच्या 11 व्या अध्यायात हाच देव इस्राएल लोकांना म्हणतो, एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ, माझे अंतःकरण माझ्यात उलथून गेले आहे. शिक्षा देताना ज्याच्या हृदयात अशी उलथापालथ होते, तो त्या शिक्षेत आनंद मानणारा नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातही म्हटले आहे की तो मानवपुत्रांना मनापासून दुःख देत नाही.

बंदिवासातून परत आलेल्या लोकांची प्रार्थना नहेम्याच्या 9 व्या अध्यायात आहे. तिच्यात ते म्हणतात की आमच्यावर जे जे आले त्यात तू न्यायी ठरलास, तू विश्वासूपणे वागलास आणि आम्ही दुष्टपणा केला. 'आम्ही' हे तेथे लक्षात घे. ते शेजारच्या गावाबद्दल असे म्हणत नाहीत.

खरेदीखत

हा धागा वाचताना यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 32 वा अध्याय आठवत राहिला, कारण खरेदीपत्रे आणि बक्षीसपत्रे लिहिणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्या अध्यायात एका खरेदीचा व्यवहार इतक्या बारकाईने दिलेला आहे की आमच्या सबरजिस्ट्रार ऑफिसातल्या कोणालाही तो ओळखीचा वाटावा.

प्रसंग असा आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे, आणि शहर शत्रूच्या हाती जाणार असे सांगितल्याबद्दल राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत ठेवले आहे. तेथे त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि अनाथोथ येथले आपले शेत विकत घे असे सांगतो, कारण भाऊबंद म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क यिर्मयाचा आहे. अनाथोथ यरुशलेमपासून अगदी जवळ, बन्यामिनाच्या प्रांतात आहे. राजधानीभोवती सैन्य बसलेले असताना तेथील शिवार कोणाच्या ताब्यात असेल, हे सांगायला नको. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर त्या दिवशी त्या शेताला कोणी गिऱ्हाईक नव्हते.

यिर्मया ते 17 शेकेल रुप्याला घेतो. आता व्यवहार पाहा. तो दस्तऐवज लिहितो, त्यावर सही करतो, मोहर लावतो, साक्षीदार उभे करतो आणि रुपे तराजूत तोलून देतो. दस्ताच्या दोन प्रती आहेत, अटी आणि नियम लिहिलेली एक मोहरबंद आणि एक उघडी. आपला लेखनिक, नेरीयाचा पुत्र बारूख याच्या हाती दोन्ही प्रती तो हानामेलासमोर, सह्या करणाऱ्या साक्षीदारांसमोर आणि चौकात बसलेल्या सर्व यहुद्यांसमोर देतो आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या पात्रात ठेवायला सांगतो. कारणही देतो : या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे सेनाधीश परमेश्वर म्हणतो. मोहरबंद प्रत कशासाठी असते, हे आमच्या धंद्यातील माणसाला चटकन कळते. उघड्या प्रतीत कोणी फेरफार केला तर पुढे वाद झाल्यावर मोहर फोडून मूळ मजकूर पाहता यावा, यासाठी ती असते. म्हणजे यिर्मया असा दिवस गृहीत धरून चालला होता की ज्या दिवशी येथे पुन्हा न्यायासन असेल, वारस असतील आणि जमिनीवरून वाद घालण्याइतके सामान्य आयुष्य परत आलेले असेल.

आणखी दोन गोष्टी सांगतो, ज्या मला फार विचारात पाडतात. या अनाथोथच्याच माणसांनी यिर्मयाला पूर्वी जिवे मारण्याची धमकी दिली होती, हे 11 व्या अध्यायात आहे. आणि 16 व्या अध्यायात देवाने त्याला लग्न करू नकोस, तुला येथे मुलेबाळे होऊ नयेत, असे सांगितले होते. म्हणजे ज्या गावाने त्याला नाकारले, त्या गावात, स्वतःला वारस नसताना, शत्रूच्या ताब्यातली जमीन त्याने पूर्ण किंमत मोजून घेतली. आणि व्यवहार झाल्यावर तो शांत बसलेला नाही. तो देवाला विचारतो की वेढा घालणाऱ्यांचे मोर्चे शहराला येऊन भिडले आहेत आणि तू मला शेत घ्यायला कसे सांगतोस? श्रद्धा आणि गोंधळ दोन्ही त्याच एका अध्यायात आहेत.

वेदगंगाकाठ यांच्या प्रश्नाला माझे उत्तर येथे मिळते. न्यायाबद्दल बोलण्याचा अधिकार यिर्मयाला होता, कारण तो वेशीच्या आत होता. भाकर कमी झाली तेव्हा त्याचीही कमी झाली. शहर पडल्यावर बाबेलच्या सरदाराने त्याला बाबेलला येऊन सुखाने राहा असे सांगितले, तरी तो उरलेल्या गरीब लोकांमध्ये राहिला. तुमच्या मंडळीत आलेले वक्ते संदेश देऊन त्याच संध्याकाळी आपल्या गावी गेले असतील. फरक तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

माळकरी_खानापूर

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी चार पिढ्यांची माळ आहे. तरी शेजारधर्माने लिहितो, कारण प्रश्न आमच्याही अंगणातला आहे. 1630 च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला आणि त्यात तुकोबांचे सर्वस्व गेले. दुष्काळाने द्रव्य आटवले, मान नेला आणि एक स्त्री अन्न अन्न करीत मेली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आणि त्याच तुकोबांनी 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥' असेही म्हटले.

खरेदीखत काकांनी जो वेशीच्या आत असण्याचा मुद्दा मांडला, तो मला तुकोबांना लागू करून पाहावासा वाटला. दुष्काळाने बरे केले, हे तुकोबा फक्त स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणतात. देहूतल्या दुसऱ्या कोणाच्या मेलेल्या माणसाकडे पाहून 'बरे झाले' असे ते म्हणत नाहीत. इतरांच्या बाबतीत त्यांनी काय केले, तर परंपरा सांगते की सावकारीच्या खतांमधला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, म्हणजे इतरांवरचे ओझे उतरवले. स्वतःच्या दुःखात देवाचा हात पाहणे आणि दुसऱ्याच्या दुःखात स्वतःचा हात घालणे, असा तो क्रम आहे, आणि तो उलटा झाला की धर्म माणसाला जाचतो.

परिचारिका_बेळगाव

काका, हे वाचून मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. 1870 च्या दशकातील दुष्काळात भटकंती करताना त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि त्यातूनच केडगावचे मुक्ती मिशनचे काम उभे राहिले. दुष्काळ कशामुळे पडला यावर त्यांच्याइतका अधिकाराने बोलू शकणारा माणूस विरळा होता, आणि त्यांनी त्या मुलींच्या जेवणाची आणि राहण्याची सोय केली.

शहापूर_शिवार

इथे एक गोष्ट राहून जात आहे, ती म्हणजे माणसाचा दोष. शहापूर, वडगाव, अनगोळ, यळ्ळूर या शिवारांत आमची भातशेती आहे आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात रोपांवरून वाहते, हे बेळगावात कोणालाही ठाऊक आहे. लावणी झालेले भात पाण्याखाली राहिले की रोपांची मुळे कुजतात, शेंडा पिवळा पडतो, हाताने उपटले तर रोप चिखलातून अलगद सुटून येते आणि वास येतो. दुबार लावणी करायची तर तरवा, म्हणजे लावणीची रोपे, शिल्लक नसतो. नाल्यात गाळ साचला आहे, जलपर्णी वाढली आहे, काठाने भराव पडले आहेत. आम्ही अर्ज दिले, फोटो दिले, पाहणी झाली, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच झाले. आता यावर कोणी 'हा देवाचा न्याय' असे म्हणाले तर ज्यांनी गाळ काढायचा होता ते सगळे सुटतात.

1876 ते 1878 च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा होरपळून निघाले. पाऊस पडला नव्हता हे खरे, पण त्याच काळात हिंदुस्थानच्या बंदरांतून धान्य परदेशी जात होते हेही खरे आहे. म्हणून मला आमोस संदेष्टा आवडतो. तो न्यायाबद्दल बोलतो तेव्हा त्याचे बोट उपाशी माणसाकडे नसते. शब्बाथ कधी संपेल आणि आम्ही गहू विकायला कधी काढू, माप लहान आणि शेकेल, म्हणजे तोलायचे वजन, मोठा कसा करू, गव्हाचा भुसाही कसा विकू, असे म्हणणाऱ्यांकडे ते असते. संदेष्ट्यांचा न्याय मुख्यतः वर बसलेल्यांवर आहे. आपल्याकडे तो खाली पडलेल्यांवर ढकलला जातो, हे मला सर्वांत जास्त सलते.

प्रश्नचिन्ह

शहापूर_शिवार यांचे म्हणणे मला पटते, आणि असा न्याय असेल तर मला त्याची भीती न वाटता गरज वाटेल. परंतु मग माझा जुना प्रश्न अधिकच टोकदार होतो. आमोसाने धान्याच्या व्यापाऱ्यांविरुद्ध सांगितले, आणि न्याय आला तेव्हा तलवार व्यापारी आणि उपाशी माणूस यांत निवड करत बसली नाही.

वेदगंगाकाठ

प्रश्नचिन्ह, तुम्ही म्हणता ते खरे आहे. हबक्कूक संदेष्ट्यानेही हेच विचारले होते. यहूदातील अन्यायाबद्दल त्याने तक्रार केली, तेव्हा देवाने सांगितले की मी खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांना उठवत आहे. त्यावर तो म्हणाला, आमच्यापेक्षाही जे दुष्ट आहेत त्यांच्याकडून तू आम्हांला कसे गिळू देतोस? पुढे तो बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो आणि त्याला मिळालेले उत्तर असे की नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. ग्रंथाच्या शेवटी अंजीर फुलत नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी तो परमेश्वराच्या ठायी उल्लास करतो. तुमचा हिशेब तेथेही पूर्ण झालेला नाही, हे मी मान्य करतो.

मी मात्र यापुढे एक पाऊल जातो, आणि ते माझ्या विश्वासाचे पाऊल आहे, तर्काचे नाही. खरेदीखत यांनी ज्याला वेशीच्या आत असणे म्हटले, ते मला वधस्तंभावर पूर्ण झालेले दिसते. यरुशलेमकडे पाहून प्रभू येशू रडला, या शहरात धोंड्यावर धोंडा राहणार नाही असे त्याने सांगितले, आणि ते सांगून तो गालीलात परत गेला नाही. त्याच शहरात त्याला पकडले आणि वेशीबाहेर नेऊन मारले. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हे 22 व्या स्तोत्रातील वाक्य त्याने स्वतःच्या तोंडी घेतले. उपाशी माणूस आणि व्यापारी यांत निवड न करणारी ती तलवार, ज्याला न्याय करण्याचा अधिकार होता त्यालाही लागली. देव विश्वासू आहे असे मी म्हणतो ते या एका गोष्टीवर. पुरातून माझे घर वाचले यावर नाही. ते वाचले नव्हतेच.

आमच्या मंडळीत आता असे ठरले आहे की येत्या पावसाळ्याआधी सायंकाळच्या प्रार्थना सभेत विलापगीताचे पाचही अध्याय, रोज एक याप्रमाणे, काहीही स्पष्टीकरण न देता वाचायचे. वाचन मराठीत होईल, आणि ज्यांना कन्नड अधिक जवळची आहे त्यांच्यासाठी त्याच वेळी शेजारच्या खोलीत कन्नडमधून. निवारा केंद्रात राहिलेल्यांपैकी जे तयार होतील त्यांनीच वाचावे, असे मी सुचवले आणि ते सर्वांना मान्य झाले.

निवृत्त_पाळक

पाचव्या अध्यायावर थांबताना यहुद्यांप्रमाणे शेवटून दुसरे वचन पुन्हा वाचावे की नाही, याचा विचार करून ठेवा. माझे मत आहे की वाचू नये. पुरात ज्यांची माणसे गेली आहेत, ती मंडळी त्या शेवटच्या शंकेशी थांबू शकतात, तिच्यावर घाईने काही टाकण्याची गरज नाही.

प्रश्नचिन्ह

वेदगंगाकाठ, तुमचे शेवटचे म्हणणे मला मान्य करता येत नाही, परंतु ते तुम्ही तर्क म्हणून रेटले नाहीत याबद्दल आभारी आहे. वाचनाला मी येईन. खरेदीखत काकांना एक विचारायचे आहे. यिर्मयाला ते शेत शेवटी मिळाले का?

खरेदीखत

नाही मिळाले. यरुशलेम पडल्यानंतर उरलेले लोक बाबेलच्या भीतीने मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळून गेले. तेथे जाऊ नका असे यिर्मयाने सांगितले असताना त्यांनी त्याला आणि बारूखाला बरोबर नेले, हे 43 व्या अध्यायात आहे. मिसरमधील तहपन्हेस येथे त्याने दिलेली वचने शास्त्रात आहेत, पण तो देशात परत आल्याचा उल्लेख कोठेही नाही.

शेताच्या गावाबद्दल मात्र नोंद आहे. पारसाचा राजा कोरेश याच्या आज्ञेनंतर बाबेलहून परतलेल्यांची गावनिहाय यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे आणि तिच्यात 'अनाथोथची माणसे 128' असे लिहिले आहे. हानामेलाच्या भाऊबंदांपैकी कोणी त्यांत होते का, हे दिलेले नाही. नहेम्याच्या 11 व्या अध्यायात बन्यामिनाच्या लोकांनी वस्ती केलेल्या गावांची नावे आहेत, त्यांतही अनाथोथ आहे.